नमाजाची जागा आणि चित्रे

कुराणात मूर्तिपूजेचा निषेध वारंवार आढळतो. परंतु चित्रांविषयी स्पष्ट आज्ञा त्यात नाही. म्हणून नमाजाच्या जागी चित्र असावे की नसावे, या प्रश्नाचा निर्णय धर्मशास्त्रज्ञांनी प्रामुख्याने हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती व आचरण यांविषयीच्या परंपरेच्या, आधारे केला.

या संदर्भात दोन प्रसंग महत्त्वाचे मानले जातात. हजरत आयेशा यांनी घरात चित्रे असलेला एक पडदा लावला होता. ती चित्रे नमाजात सतत दृष्टीसमोर येतात, असे सांगून पैगंबरांनी तो काढावयास लावला. दुसऱ्या प्रसंगी नमाजात चित्त विचलित करणारे एक नक्षीदार वस्त्र त्यांनी परत पाठवून साधे वस्त्र मागविले. त्या वस्त्रावर केवळ नक्षी होती. यावरून शास्त्रज्ञांनी दोन कारणे निश्चित केली: एक, मूर्तिपूजेशी साम्य, दुसरे, एकाग्रतेचा भंग.

हनफी पंथाच्या ‘अल्-हिदाया’ या बाराव्या शतकातील ग्रंथात याचे तपशीलवार विवेचन आहे. सजीवाचे चित्र समोर, डोक्यावर किंवा बाजूला असताना नमाज पढणे ‘मकरूह’, म्हणजे अनुचित, होय. त्यांतही समोरचे चित्र सर्वांत आक्षेपार्ह. कारण नमाजी त्याच दिशेस मस्तक नमवितो. परंतु चित्र पाहणाऱ्यास दिसू नये इतके लहान असेल, त्याचे मस्तक नाहीसे केलेले असेल, अथवा ते पायांखालच्या अंथरुणावर असेल, तर हा दोष राहत नाही; मात्र त्या चित्रावर मस्तक टेकू नये. ज्या चित्राला सन्मान नाही, त्याची पूजा होण्याचे भय नाही, हे यामागील तत्त्व. विशेष म्हणजे, दोष घडला तरी नमाज रद्द ठरत नाही. ती निर्दोष रीतीने पुन्हा पढावी, एवढेच ग्रंथकार सांगतो.

निर्जीव वस्तू आणि वृक्ष यांना मुभा असल्याने मशिदींच्या सजावटीला निराळे वळण लागले. आठव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या दमास्कसच्या थोरल्या मशिदीत रंगीत तुकड्यांच्या जडावकामात वृक्ष, नद्या आणि इमारती आहेत. मनुष्य अथवा पशू नाहीत. विजापूरच्या जामा मशिदीच्या मेहराबीवरही फुले, पात्रे आणि ग्रंथ रंगविलेले दिसतात.

जुन्या वास्तूंचा प्रश्न अधिक बिकट होता. इस्तंबूलचे आया सोफिया हे ख्रिस्ती मंदिर 1453 मध्ये मशीद झाले आणि तेथील मानवी आकृती कालांतराने गिलाव्याखाली गेल्या. 1935 मध्ये तेथे संग्रहालय उघडले. 2020 मध्ये वास्तू पुन्हा मशीद झाली, तेव्हा किब्ल्याच्या बाजूचे मेरी व बालयेशूचे जडावचित्र पुसले गेले नाही. नमाजाच्या वेळी ते पडद्याने झाकण्याची व्यवस्था करण्यात आली. आयेशांच्या घरातून एक पडदा निघाला होता. येथे त्याच हेतूने पडदा लावला गेला.