रक्त गाळण्याआधी गोळी थांबवा

आयसीयूच्या दारात नातेवाईक हमखास विचारतात, ‘‘डॉक्टर, रक्त गाळून घेतलं की औषधाचं विष निघून जाईल ना?’’ आत झोपलेल्या माणसाची कातडी भाजल्यासारखी सुटत असते, ओठांवर खपल्या असतात, डोळे उघडत नाहीत. हे कुठल्याशा गोळीने झालं, यावर घरच्यांचा विश्वासच बसत नाही.

या आजाराचं नाव स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. सुटलेली कातडी अंगाच्या तीस टक्क्यांच्या पुढे गेली, की त्यालाच टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, म्हणजे ‘टेन’ म्हणतात. ॲलन लायेल या स्कॉटिश त्वचारोगतज्ज्ञाने १९५६ मध्ये ‘टेन’चं वर्णन केलं. दहा लाखांत वर्षाला मोजक्याच लोकांना हा आजार होतो, पण ‘टेन’च्या रुग्णांपैकी सुमारे तिसरा हिस्सा दगावतो.

आता रक्त गाळण्याविषयी. हे डायलिसिस नव्हे, प्लाझ्माफेरेसिस आहे. डायलिसिसमध्ये लहान, पाण्यात विरघळणारे पदार्थ निघतात. प्रथिनांएवढे मोठे रेणू निघत नाहीत. प्लाझ्माफेरेसिसमध्ये यंत्र रक्तपेशी बाजूला काढून परत देतं आणि पिवळसर प्लाझ्मा वेगळा करतं. साठ किलोच्या माणसात तो साधारण अडीच लिटर असतो. काही ठिकाणी तो काढून टाकतात आणि त्याच्या जागी अल्ब्युमिन किंवा दात्याचा प्लाझ्मा भरतात. दुहेरी गाळणीत तोच प्लाझ्मा आणखी बारीक छिद्रांच्या दुसऱ्या गाळणीतून नेतात. मोठे रेणू तिथे अडकतात, बरंचसं अल्ब्युमिन रुग्णाला परत मिळतं.

निघतं काय? औषधाचा थोडा अंश निघतो, पण मुख्य रोख आपल्याच प्रतिकारशक्तीने सोडलेल्या पदार्थांवर असतो. औषधामुळे बिथरलेल्या टी-पेशी ग्रॅन्युलायसिनसारखी प्रथिनं सोडतात आणि त्वचेच्या पेशी मरतात. गाळणीने ही आग ओसरेल अशी आशा असते. मेलेली कातडी मात्र त्याने जिवंत होत नाही.

जपानमध्ये मोठ्या मात्रेतल्या स्टिरॉइडनेही आजार थांबला नाही, तर हा उपाय करतात. तिथला अनुभव उत्साह वाढवणारा आहे, पण तो थोड्या रुग्णांवरचा आहे. आजारच इतका दुर्मीळ, की मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत. म्हणून माझ्या लेखी हा राखीव उपाय आहे. रक्तदाब घसरणं, कॅल्शियम कमी होऊन ओठांना मुंग्या येणं, रक्त न गोठणं, सोललेल्या कातडीतून घातलेल्या जाड नळीतून जंतुसंसर्ग होणं, हे धोके त्यात आहेत. इम्युनोग्लोब्युलिनचं सलाइन देऊन लगेच गाळणी लावली, तर ते महागडं औषधही वाहून जातं. कशानंतर काय देणार, हे डॉक्टरांना नि:संकोच विचारा.

यंत्र असलेलं रुग्णालय शोधण्यात दोन दिवस घालवू नका. बर्न्स वॉर्ड किंवा चांगलं आयसीयू जिथे लवकर मिळेल तिथे जा. जीव वाचतो तो बहुतेक वेळा शुश्रूषेवर: मोजून दिलेलं सलाइन, उबदार खोली, नळीतून पोषण, कातडी चिकटू नये म्हणून खाली स्वच्छ केळीची पानं. ही पानं आपल्याकडच्या वॉर्डांत आजही वापरतात आणि ती खरंच उपयोगी पडतात. डोळ्यांचे डॉक्टर पहिल्या दिवसापासून हवेत. पापणी बुबुळाला चिकटली, तर जीव वाचूनही दृष्टी जाऊ शकते.

सगळ्यात मोठा उपचार घरीच सुरू होतो. नवी गोळी सुरू केल्यापासून साधारण चार दिवस ते चार आठवडे, क्वचित दोन महिने, हा धोक्याचा काळ. आधी ताप, घसा, डोळ्यांची आग. मग तोंड येतं. ‘उष्णता झाली’ म्हणून गुलकंद खाण्यात दिवस जातो. पुरळ आलं, की कालच्या तापाच्या गोळीला दोष देतात आणि तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेली गोळी चालूच राहते. फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडवरची ॲलोप्युरिनॉल आणि सल्फाची औषधं आधी आठवा. पुरळासोबत ताप, तोंडात फोड किंवा दुखरी कातडी असेल, तर पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. फिट्सची गोळी थांबवली तर पर्यायी औषध तिथेच मिळायला हवं.

एक गोष्ट मला फार खुपते. तपासणीत युरिक ॲसिड जरा वाढलेलं दिसलं, सांधा दुखत नाही, मुतखडा नाही, तरी ॲलोप्युरिनॉल सुरू होतं. ‘ही गोळी मला नक्की कशासाठी?’ असं विचारायला लाजू नका.

आजारातून उठलेल्या माणसाने त्या औषधाचं मूळ नाव कार्डावर लिहून पाकिटात ठेवावं, नुसतं ब्रँडचं नाव पुरत नाही. कार्बामाझेपिनने झालं असेल, तर फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोनही त्या कार्डावर हवेत. दाताच्या डॉक्टरकडे जातानाही कार्ड दाखवा. आणि घडलेल्या त्रासाची नोंद १८००-१८०-३०२४ या सरकारी औषध-सुरक्षा हेल्पलाइनवर करा. ती रुग्ण स्वतःही करू शकतो.