कंस फ्लॅटला, डॉट मेंबरला

उद्या प्रॅक्टिकलला स्ट्रक्चरचा अ‍ॅरे येणार म्हणतेस ना? मग रोल नंबर-मार्कांचं ते घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण सोड, सोसायटीच्या मेंटेनन्सचं घे. स्ट्रक्ट फ्लॅटमध्ये इंट नंबर, ३० कॅरेक्टरांचं नाव आणि फ्लोट थकबाकी. शेवटच्या महिरपी कंसापुढे सेमीकोलन हवाच. तो राहिला की कंपायलर बहुतेक वेळा खालच्या भलत्याच ओळीवर बोट ठेवतो. तिथे शोधत बसू नकोस, वर बघ.

इथवर नुसती आखणी झाली, मेमरी घेतलेलीच नाही. ‘स्ट्रक्ट फ्लॅट एफ[२४];’ लिहिलंस की २४ फ्लॅटांची जागा सलग मिळते. इंडेक्स ० ते २३.

आता मुख्य गोष्ट. आधी फ्लॅट निवडायचा, मग त्याच्या आत शिरायचं: एफ[५].थकबाकी. एफ.थकबाकी[५] लिहिणारी पोरं दर वर्षी निघतात. अगं, एफ हा अख्खा अ‍ॅरे, त्याला कसली थकबाकी? एफ[५].नाव[०] मात्र बरोबर आहे, सहाव्या फ्लॅटवाल्याच्या नावाचं पहिलं अक्षर.

स्कॅनएफमध्ये नंबर आणि थकबाकीच्या आधी अँपरसँड लाव, नावाला नको. नाव स्वतःच अ‍ॅरे आहे. शिवाय परसेंट-एस स्पेसला थांबतं आणि आडनाव पुढच्या वाचनात घुसतं. म्हणून नाव एफगेट्सनं घे, पण त्याआधी नंबरामागे उरलेला एंटर गेटचारनं काढून टाक.

थकबाकीनुसार सॉर्ट करताना अख्खे फ्लॅट अदलाबदल कर. एक स्ट्रक्चर दुसऱ्यात साध्या ‘बरोबर’च्या चिन्हानं जातं, आतल्या नावासकट. नुसत्या थकबाक्या हलवल्यास तर जोशींचं देणं पाटलांच्या माथी!

साइझ हातानं मोजू नकोस. ४, ३० आणि ४ मिळून ३८ होतात, पण जीसीसीवर साइझऑफ ४० सांगेल. फ्लोटला चारच्या पटीतला पत्ता लागतो, म्हणून नावामागे दोन बाइट रिकामे सुटतात. फाइलमधून ३८-३८ वाचत गेलीस तर दुसऱ्याच फ्लॅटपासून सगळं सरकेल.

आणि लॅबमध्ये अजून टर्बो सी असेल, तर थकबाकी वाचताना ‘फ्लोटिंग पॉइंट फॉरमॅट्स नॉट लिंक्ड’ म्हणून प्रोग्राम बंद पडू शकतो. चूक तुझी नसते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’त त्यासाठी लिंकफ्लोट नावाचं छोटंसं फंक्शन आहे, एक फ्लोट आणि त्याचा पॉइंटर एवढंच. ते खाली चिकटव.