सातेरीला पाक द्यावा का?
प्रश्न: महाबळेश्वरला घरामागे सातेरी मधमाश्यांची एक पेटी आहे. थंडी सरताना साखरेचा पाक द्यावा का?

उत्तर: आधी पेटी मागून किंचित उचलून पाहा, हलकी लागली तरच द्या. भूक कडाक्याच्या थंडीपेक्षा ती ओसरताना अधिक लागते, कारण राणीची अंडी वाढतात आणि पिलावा पोसण्यात मध झपाट्याने संपतो. पेटी उघडल्याने पिलावा गारठेल ही शंका रास्त. म्हणून ऊन चढल्यावर कडेच्या फ्रेममधला मेणाने झाकलेला मध तेवढा पाहा. साखर-पाणी समप्रमाणात, गार करून, संध्याकाळी आत ठेवा. वर चार काड्या तरंगू द्या, नाहीतर माश्या बुडतात. सांडलवंड नको, त्या वासाने लुटारू माश्या येतात. पाक मधात मिसळतो हा आक्षेपही खराच. म्हणून जांभूळ फुलू लागताच पाक बंद करा.