दंतरोपणाचे मोजमाप आणि डोक्याची ठेवण

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे कृत्रिम मूळ बसवून त्यावर दात चढविणे, यास दंतरोपण अथवा इम्प्लांट म्हणतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली हा उपाय प्रथम रुग्णावर योजिला. आज तो अनेक शहरांत उपलब्ध आहे. तथापि शस्त्रक्रियेपूर्वीच्या छायाचित्रणात रुग्णाच्या सहकार्यास किती मोल असते, याची पुष्कळांना कल्पना नसते.

खालच्या जबड्याच्या हाडातील एका नलिकेतून ओठ व हनुवटी यांना संवेदना देणारी नस जाते. कृत्रिम मुळाचे टोक या नलिकेपासून सामान्यतः निदान २ मि.मी. दूर ठेवतात. नसेस इजा झाल्यास ओठ बधिर होतो आणि तो बधिरपणा क्वचित कायमचाही राहतो. म्हणून नलिकेवरील हाडाची उंची ‘कोन बीम सीटी’ या क्ष-किरण तपासणीने मोजतात. तीत संगणक जबड्याचे उभे छेद दाखवितो.

ऊस सरळ कापला तर काप गोल येतो. तिरपा कापला तर तोच काप लांबट होतो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. हनुवटी वर उचललेली वा खाली झुकलेली असल्यास जबड्याचा छेदही असाच तिरपा पडतो. प्रत्यक्ष उंची १२ मि.मी. असता २० अंश कललेल्या छेदात ती सुमारे १२.८ मि.मी. भरते. राखावयाचे अंतरच जेथे २ मि.मी., तेथे ही तफावत उपेक्षणीय नव्हे.

डोके कललेले असले तरी संगणकावर प्रतिमा सरळ करून मग मोजमाप घेता येते, आणि जाणकार डॉक्टर तसे करतातच. परंतु छायाचित्रण चालू असता डोके हलले तर हाडाच्या कडा पुसट होतात. असा दोष पुरता दूर करणे कठीण असते. कित्येकदा तपासणी पुन्हा करावी लागते व क्ष-किरणांची मात्रा वाढते.

यास्तव रुग्णांनी पुढील दक्षता घ्यावी :

१) चष्मा, कर्णभूषणे व काढता येणारी कवळी यांविषयी तंत्रज्ञास आधी विचारावे.

२) हनुवटी आधारावर टेकवून, सांगितल्याप्रमाणे डोके सरळ ठेवावे.

३) यंत्र फिरत असता बोलू नये, गिळू नये, यंत्राकडे मान वळवू नये.

४) मान आखडणे वा कंप असल्यास तसे आधीच सांगावे.

काही सेकंदांची ही स्थिरता पुढील शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित करते.