निघायची वाट आधी बघ

पोरी, परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, आमच्या शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मंडळींसाठी चॅटचं कुठलं अ‍ॅप घेऊ?" तेव्हा मी नाव सांगायचं टाळलं. नुसतं नाव सांगितलं असतं तर दोन वर्षांनी हाच प्रश्न घेऊन पुन्हा आली असतीस. आज सविस्तर लिहितो.

अ‍ॅप घेताना सोयी सगळेच मोजतात. तू आधी हे बघ, की उद्या इथून निघायची वेळ आली तर बरोबर काय नेता येईल?

फ्रीनोडची गोष्ट ध्यानात ठेव. मुक्त सॉफ्टवेअरचे अनेक मोठे प्रकल्प वर्षानुवर्षं याच आयआरसी नेटवर्कवर बोलत. मे २०२१मध्ये नेटवर्कच्या ताब्यावरून वाद पेटला. तिथल्या स्वयंसेवकांनी राजीनामे दिले आणि लिबेरा चॅट हे नवं नेटवर्क उभं केलं. उबुंटू, जेंटू, विकिमीडिया यांनी थोड्याच दिवसांत बस्तान हलवलं. एवढ्या लवकर ते जमलं, कारण आयआरसी कुणा एकाच्या मालकीचं नाही. फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेननं १९८८मध्ये सुरू केलेली ती चॅटची खुली पद्धत आहे. लोकांनी आपल्या प्रोग्राममध्ये सर्व्हरचा पत्ता बदलला, टोपणनाव आणि चॅनल नव्यानं नोंदवलं, की काम झालं. बंद अ‍ॅपमधून निघायचं तर प्रत्येक माणसाला नवं अ‍ॅप, नवं खातं घ्यायला लावावं लागतं, आणि त्यात निम्मी माणसं वाटेतच गळतात.

दुसरं, जुनं बोलणं कुठं राहतं ते विचार. तुमचंच उदाहरण घे. 'दऱ्या' हा शब्द दोन तऱ्हेनं टाइप होतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मागे एक न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखे, पण संगणकाला दोन वेगळे शब्द. यावर तुम्ही आठवडाभर वाद घालाल आणि एक नियम ठरवाल. दोन वर्षांनी एखादा नवा मुलगा तेच विचारेल. त्याला ती चर्चा सापडली पाहिजे. स्लॅक वापरायला गोड आहे, हे मी नाकारत नाही. वर्डप्रेसची मंडळी २०१४पासून तिथेच काम करतात. पण स्लॅकच्या मोफत योजनेत ९० दिवसांपलीकडचं बोलणं दिसत नाही, आणि वर्षापेक्षा जुनं पुसलंच जातं. जून २०२५मध्ये कुबर्नेटीससारख्या बलाढ्य प्रकल्पालाही मोफत योजनेवर उतरवणार असल्याची सूचना अगदी थोडे दिवस आधी मिळाली. पुढे तो निर्णय मागे घेतला गेला, पण तोवर त्या माणसांना जुनं बोलणं वाचवण्याची धावपळ करावी लागली.

तिसरं, दारात उभ्या असलेल्या नवख्याचा विचार कर. तुमच्यातले एक गुरुजी सांगलीजवळच्या गावातून मोबाइलवर काम करतात, हे तूच सांगितलंस. आयआरसीवर नेट तुटलं की मधलं बोलणं हुकतं. ते जपायला वेगळी खटपट लागते. नवख्यांना आयआरसीत शिरणं जड जातं, हेही एक कारण देत मोझिलानं आपला जुना आयआरसी सर्व्हर मार्च २०२०मध्ये बंद केला आणि ती मॅट्रिक्स या चॅटच्या दुसऱ्या खुल्या पद्धतीवर गेली. माझा आयआरसीवर जीव आहे, पण गुरुजींना ते शिकवत बसू नकोस. त्यांचं शब्दांचं ज्ञान आपल्याला हवंय.

मॅट्रिक्स मनात असेल तर ऐक. तिथल्या चर्चेच्या खोलीची प्रत तिच्यात भाग घेणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर असते, म्हणून एक सर्व्हर बंद पडला तरी बैठक मोडत नाही. मे २०२३मध्ये आपल्या सरकारनं १४ मेसेजिंग अ‍ॅप्स रोखली, त्यांत मॅट्रिक्सचं सगळ्यात माहीत असलेलं अ‍ॅप एलेमेंटही होतं. पण पद्धत खुली असल्यामुळे त्याच खोलीत दुसऱ्या अ‍ॅपनं जाता येतं. एक चूक मात्र करू नकोस. सगळ्यांसाठी उघड्या खोलीत एन्क्रिप्शन सुरू करू नकोस. ते एकदा सुरू केलं की बंद करता येत नाही, आणि उद्या येणाऱ्याला कालचं सहसा वाचता येत नाही. उघड्यावरच्या बोलण्याला कुलूप कशाला?

दोन अ‍ॅप जोडणाऱ्या पुलांवरही फार विसंबू नकोस. लिबेरा आणि मॅट्रिक्स यांच्यामधला मोठा पूल २०२३मध्ये बंद झाला आणि दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांना दिसेनाशी झाली.

आता तुमचा खरा अडसर. तुमच्या गटातली टोरांटोत राहणारी मुलगी आणि तुम्ही यांच्यात साडेनऊ ते साडेदहा तासांचं अंतर. ती उठते तेव्हा दोनशे निरोप साचलेले असतात, आणि जोडाक्षरांची चर्चा वाढदिवसाच्या शुभेच्छांत बुडालेली असते. म्हणून तुमच्यासाठी माझं मत झुलिप या अ‍ॅपला. तिथं प्रत्येक निरोपाला विषय असतो. तिनं सकाळी फक्त 'जोडाक्षरं' उघडावं आणि तीन दिवसांपूर्वीच्या प्रश्नालाही नीट उत्तर द्यावं. रस्ट आणि लीन या भाषांची मंडळी तिथं अशीच काम करतात. झुलिप स्वतः मुक्त सॉफ्टवेअर आहे, मुक्त प्रकल्पांना झुलिपच्याच सर्व्हरवर विनामूल्य जागा मिळते, आणि चॅनल खुलं ठेवलं तर खातं न काढताही वाचता येतं.

स्वतःचा सर्व्हर चालवायचा मोह आत्ता आवर. रात्री दोनला तो बंद पडला तर उठणारी किमान दोन माणसं असतील तेव्हाच तो घे. कुठंही गेलात तरी अ‍ॅडमिनचे हक्क दोघातिघांकडे असू देत, आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे ते सगळ्यांना माहीत असू दे. वागणुकीचे नियम पहिल्या भांडणाआधी लिहा. आणि निर्णय झाला की त्याच दिवशी तो कोडशेजारी, रेपोमध्ये, चार ओळींत नोंदवा. चॅट म्हणजे ओसरी. दस्तऐवज माजघरातच ठेवायचे.

शेवटचं काम पहिल्याच महिन्यात कर. सगळं बोलणं एकदा एक्सपोर्ट करून आपल्या संगणकावर उतरव आणि त्यात 'दऱ्या'ची चर्चा शोध. सापडली, तर निर्धास्त राहा. नाही सापडली, तर माणसं थोडी आहेत तोवरच घर बदल, आणि मला फोन कर.