कंदाला ताण दे, पोरी

पोरी, सुरतेकडे इच्छापोरला घर घेतलंस, पुढे चार हात अंगण मिळालं आणि आता ट्यूलिपची पाकिटं मागवायची म्हणतेस. नको मागवूस. ट्यूलिपच्या कंदाला तीन-साडेतीन महिने कडक थंडी लागते, म्हणून तो श्रीनगरला फुलतो. सुरतेत जानेवारीच्या रात्रीही पारा साधारण १४-१५ अंशांवरच थांबतो. शीतगृहातून आलेला कंद एकदा फुलेलही, पण पावसाळ्यानंतर उकरून बघशील तर कुजलेला सापडेल. आपल्या हवेत फुलणाऱ्या कित्येक कंदांना थंडी नाही, ताण लागतो, म्हणजे वर्षातले दोन-तीन महिने पाणी तोडावं लागतं. आईने मला हे आधी शिकवलं, खतपाण्याचं नंतर.

वसंतात फुलं हवीत ना, मग अ‍ॅमरिलिस लाव. नर्सरीत कुणी तिला लाल लिलीही म्हणतात. कंद हातात घेऊन बघ, वजनाला जड हवा. बूड दाबल्यावर मऊ लागलं तर परत ठेव. लावताना वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर राहू दे, सगळा पुरलास तर पावसात सडतो. दिवाळी झाली की पाणी कमी करत बंद कर. संक्रांतीनंतर कुंडी उन्हात ठेव आणि कळीचं टोक दिसलं की पाणी सुरू कर. फाल्गुन-चैत्रात फुलेल. एक लक्षात ठेव, हे कंद दिसतात कांद्यासारखे, पण विषारी असतात. स्वयंपाकघरात आणून ठेवू नकोस.

फुटबॉल लिलीची पानं हिवाळ्यात वाळून जातात, कुंडी रिकामी दिसते, आणि लोक ती माती दुसऱ्या झाडाला घालून मोकळे होतात. फार जीव तुटतो बघ माझा. कुंडीवर नाव लिहून ठेव आणि ती कोपऱ्यात कोरडी असू दे. वळवाच्या सुमारास मातीतून दांडा निघतो, त्यावर तांबडा चेंडू उमलतो. पानं मागाहून येतात.

तुमच्याकडची माती काळी, चिकण. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पाणी धरून बसते, आणि कंद मरतो तो बहुतेक त्या साचलेल्या पाण्याने. वीतभर उंच गादीवाफा कर, त्यात रेती आणि कुजलेलं शेणखत सढळ हाताने मिसळ. हजिऱ्याकडचा खाडीचा भाग जवळ, तेव्हा बोअरचं पाणी आधी चाखून बघ. कुंडीच्या काठावर पांढरं पूट धरलं तर पाणी खारं आहे असं समज. मग पहिल्या सरींत कुंड्या उघड्यावर ठेव, क्षार धुऊन जातात. सदाफुलीला मात्र असल्या पाण्याचं फारसं काही वाटत नाही.

मोगऱ्यालाही ताण हवाच. डिसेंबरात पाणी तोड, जानेवारीत छाट, मग शेणखत घालून पाणी दे.

निशिगंध एकेरी घे. दुहेरी फुलदाणीत शोभतो, पण वास एकेरीचाच. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा ‘प्रज्वल’ मिळाला तर सोडू नकोस, त्याच्या कळीवर किंचित गुलाबी छटा असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाव. दोन-तीन वर्षांनी गड्डे दाटले की पानं पिवळी पडल्यावर खणून काढ, पिल्लं वेगळी कर, महिनाभर सावलीत सुकव आणि मगच पुन्हा लाव.

आणि कुंपणाकडेने पांढरी लिली. तुमच्या शेजारच्या नवसारीकडे शेतकरी तिची शेतीच करतात. कळ्या उमलायच्या आत खुडून, जुड्या बांधून बाजारात पाठवतात. ओल सोसते, काळी माती सोसते. पावसाळ्यात तेवढं पानांवर लक्ष ठेव. काळ्या अंगावर पांढरे ठिपके नि तांबडे डाग असलेल्या अळ्या येतात, आणि येतात त्या झुंडीनेच. दोन रात्रींत पान बुडापर्यंत खातात. औषध शोधत बसू नकोस. सकाळी उजाडताच साबणाच्या पाण्याची बादली घेऊन वेच, पानांच्या बेचक्यात आणि खालच्या अंगालाही बघ, आणि तीन-चार दिवस रोज वेच.