तराजूचं दुसरं पारडं



आजचं वाचन महाभारताच्या शांतिपर्वातलं, तुलाधार आणि जाजली यांचा संवाद. शरशय्येवरचे भीष्म युधिष्ठिराला ही गोष्ट सांगतात. जाजली तपाला असा निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटांत घरटं बांधलं, आणि पिल्लं उडून जाईपर्यंत तो हलला नाही. इथवर सगळं छान. पण मग त्याला वाटलं, धर्म मला साधला! तेव्हा आकाशवाणी झाली की काशीच्या तुलाधाराची सर तुला नाही. तुलाधार कोण, तर साधा दुकानदार. त्याचं म्हणणं एवढंच की माझा तराजू सगळ्यांसाठी सारखा.

खरं सांगू? ही गोष्ट मी नेहमी दुकानदारांसाठीच आहे असं धरून वाचायचे. गॅरेजवाल्यांनी तर पाठच करावी, असंही वाटायचं. नको ते पार्ट बदलतात, जुना पार्ट दाखवत नाहीत... आपली ठरलेली तक्रार.

गेल्या पावसाळ्यात माझी स्कूटर पुलाखालच्या पाण्यात बंद पडली. घाईघाईत मी तिथेच चार-पाच वेळा सेल्फ मारला. आता, इंजिनात पाणी शिरलं असेल तर हे अजिबात करायचं नसतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. पण गाडी पाण्यात घातली होती, हे तर माहीत होतं ना?

तरी गॅरेजमध्ये मी म्हणाले, "काका, ८ दिवसांपूर्वी तुमच्याकडेच सर्व्हिसिंग केलं. आज आपोआप बंद पडली." मनात हिशोब असा, की काम फुकटात होईल.

काका हातातला पाना ठेवून शिकाऊ मुलाकडे वळले. "फिल्टरचं झाकण नीट लावलं होतंस का रे?" मुलगा गडबडला. म्हणाला, "लावलं होतं." पण आवाजात खात्री नव्हती. मी गप्प.

काकांनी एअर फिल्टर काढला, तो चिखलाने ओला. प्लग काढून किक मारली, तर भोकातून पाण्याची पिचकारी उडाली. ऑइल काढलं तर दूध जास्त झालेल्या चहासारखं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ताई, सेल्फ किती वेळा मारला? खरं सांगा, त्यावरून मला ठरवता येईल की इंजिन खोलायचं का."

मग सांगितलं सगळं. रॉड वाचला होता. बिलात फक्त ऑइल, फिल्टर, प्लग आणि मजुरी. जुना फिल्टर आणि प्लग पिशवीत घालून माझ्या हातात. इंजिन खोलायच्या नावाखाली ते कितीही लावू शकले असते, मला काय कळणार होतं?

त्या सकाळी माझ्या नित्यपाठाला १०० दिवस पूर्ण झाले होते. स्टेटसही ठेवलं होतं. जाजलीचं घरटं, दुसरं काय!

पैसे मी पूर्ण दिले, काकांची माफीही मागितली. पण तो मुलगा कोपऱ्यात पाने पुसत होता, त्याला काहीच बोलले नाही. आज हा संवाद परत वाचताना तोच डोळ्यांसमोर आला. संध्याकाळी ऑफिसवरून येताना गॅरेजला थांबणार आहे. त्याचं नावही मला माहीत नाही; आधी ते विचारीन.